बिनपाळीचा महिना

पुतण्यानं काढलेला सिनेमा मी धाराशिवला पाहिला. एका मंगल कार्यालयात पांढरा पडदा लावला होता आणि लोक पोट धरून हसत होते. सिनेमात एक म्हातारा मरतो. त्याच्या दोन मुलांनी अंगणात मधोमध भिंत घातलेली असते, आणि आता बापाची तिरडी कुणाच्या दारातून काढायची यावरून ती दोघं भांडत बसतात. मयतीला आलेले लोक चहा पितात, तंबाखू मळतात, शेवटी कंटाळून आपापल्या घरी जेवायला जातात आणि जेवून परत येतात, तरी तिरडी जागची हललेली नसते. त्यात एक थोरली सून आहे. ती फक्त आपल्या बाजूला बसलेल्यांना चहा देते आणि भिंतीपलीकडचा कुणी चुकून इकडं येऊन बसला तर त्याच्या हातातला कप काढून घेते. या बाईवर लोक सगळ्यात जास्त हसले. शेजारच्या खुर्चीवरची बाई मला म्हणाली, "काय बेरकी दाखवलीय हो." मी म्हटलं, "हो ना." ती थोरली सून म्हणजे मी.

एक सांगून टाकते. मी कधीही कुणाच्या हातातला कप काढून घेतलेला नाही. पुतण्याला विचारलं तर म्हणाला, "मोठी आई, ते प्रतीकात्मक आहे." पुण्याला शिकायला पाठवलं की मुलं असं बोलायला लागतात. कप खोटा आहे. भिंत मात्र खरी आहे, आणि बाकीचंही पुष्कळसं खरं आहे.

आमचं घर बेंबळीला. मी जवळच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आमचे हे शेती बघतात. धाकटे भाऊजी आणि जाऊबाई भिंतीच्या पलीकडं. पुतण्या त्यांचा. वाटणी झाली तेव्हा शेत वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, गुरं वाटली, भांडी वाटली. पाटा-वरवंट्यातला पाटा आमच्याकडं आला आणि वरवंटा त्यांच्याकडं गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत मिक्सर आहे. भांडणाचं कारण विचाराल तर मला आज धड सांगता येणार नाही. एक कारण असतं तर मिटलं असतं. बारीकसारीक पुष्कळ होती, आणि शेवटी दोघं भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

आबा, म्हणजे आमचे सासरे, त्यांचीही वाटणी झाली. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत आमच्याकडं, पुढचा महिना भाऊजींकडं. अमावस्येला आबांची पत्र्याची पेटी, घोंगडी आणि काठी निघायची. भिंतीला दार नव्हतं, म्हणून ते आमच्या दारातून रस्त्यावर उतरायचे आणि पलीकडच्या दारातून आत जायचे. आमच्याकडं यायचा दिवस असला की उंबऱ्यात उभे राहून म्हणायचे, "आलो गं सूनबाई." जणू लांबच्या प्रवासाहून आलेत. मी पाणी द्यायचे. कॅलेंडरवरच्या अमावस्येवर माझं लक्ष असायचं, ते मी नाकारत नाही. कुणीतरी ठेवायलाच हवं होतं, नाहीतर रोज उठून तंटा. आमच्या पाळीत आबांना वेळेवर जेवण, धुतलेलं धोतर, गुडघ्याला तेल, यातलं काहीही कधी चुकलं नाही. जाऊबाईंकडंही चुकलं नसणार. त्या बाबतीत मी त्यांना नावं ठेवणार नाही.

सगळं वाटलं, पण एक माणूस वाटायचं राहून गेलं. आमच्या नणंदबाई, दोघा भावांच्या थोरल्या बहीण, अणदूरला दिलेल्या. आमच्याकडं नागपंचमीला लेक माहेरी आणतात. तिला आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय लेक आपलं आपण उठून माहेरी येत नाही, मग ती नातवंडांची आजी का झालेली असेना. पूर्वी आमचे हे नाहीतर भाऊजी, ज्याला सवड असेल तो सकाळच्या एसटीनं जायचा आणि संध्याकाळी बहिणीला घेऊन यायचा. वाटणीनंतरच्या पहिल्या पंचमीला हे म्हणाले, "श्रावणात आबा त्याच्याकडं हायेत, म्हणजे त्यानं जायचं." भाऊजींचं म्हणणं असं, की मान थोरल्याचा, थोरल्यानं जायचं. दोघंही आपापल्या बाजूला बसून राहिले. मी नणंदबाईंना फोनवर पंचमीच्या शुभेच्छा पाठवल्या. दुसऱ्या वर्षीही तेच झालं. त्यानंतर नणंदबाईंनी निरोप धाडला, की न्यायला कुणी आलं तरच येईन, नाहीतर माझं माहेर संपलं.

फोनवर त्या आबांशी बोलायच्या. नातवंडं फोन लावून आबांच्या कानाला धरायची. "जेवलाव का?" "जेवलो." "गुडघा कसा हाय?" "हाय तसाच." एवढंच. फोन ठेवल्यावर आबा रस्त्याकडं तोंड करून बसायचे. त्यांनी दोन्ही मुलांना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं, "पोरीला एकदा आणा रं. माझं काय खरं हाय?" दोघंही "व्हय आबा" म्हणाले होते, आणि दुसऱ्यानं आधी उठावं म्हणून वाट बघत होते. स्वतः आबा अणदूरला जाऊ शकले असते, जीप करून. पण लेकीच्या घरचं अन्न बापानं खायचं नाही, ही त्यांच्या पिढीची रीत. लग्न झाल्यापासून त्यांनी नणंदबाईंच्या घरी पाण्याचा घोटही घेतला नव्हता. अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेला गेले तरी फराळाचं बरोबर न्यायचे आणि लेकीला देवळाबाहेर भेटून परत यायचे. म्हणजे लेकीनं इकडं यायला हवं होतं, आणि लेक मुराळ्यावाचून येणार नव्हती. आबांचं सगळं हवंनको तिथं येऊन थांबलं होतं.

आणि त्या वर्षी अधिक श्रावण आला.

आषाढात आबा माझ्याकडं होते. आषाढाच्या अमावस्येला मी पेटी भरून दारात ठेवली. पलीकडून कुणी आलं नाही. मी पोरांकरवी विचारलं, तर जाऊबाईंनी सांगितलं की त्यांची पाळी श्रावणाची, आणि हा काही खरा श्रावण नव्हे, हा अधिक. खरा लागला की आबांना घेऊन जाऊ. मी उलट निरोप पाठवला, की कॅलेंडरवर श्रावण लिहिलंय ना, मग श्रावणच. दोन निरोप गेले, दोन आले. शेवटी गावातल्या गुरुजींना विचारलं. ते पंचांग चाळत म्हणाले, "या महिन्याला धनीच नसतो, वहिनी. म्हणून तर लेकी-जावयाला बोलवायचं, धोंडे खाऊ घालायचे, दानधर्म करायचा." लेकी-जावयाचं नाव निघाल्यावर दोन्हीकडचे निरोपच थांबले. पेटी दारातच राहिली. आल्यागेल्यानं तिच्यावर बसायला सुरुवात केली. आबा जेवत माझ्याकडंच होते, उपाशी ठेवायला मी काही सिनेमातली बाई नाही. पण ताट वाढताना माझ्या तोंडाकडं बघून त्यांना सगळं कळत असणार.

त्याच आठवड्यात पुतण्या पुण्याहून गाडी भरून माणसं घेऊन आला. त्याला आपल्याच घरावर सिनेमा काढायचा होता, आणि त्यानं आम्हाला गोष्ट आधीच सांगितली होती, अर्थात थोरल्या सुनेचा भाग गाळून. परवानगी दोन्ही घरांची लागणार होती. भाऊजींनी लेकासाठी दिली. आमच्या ह्यांनी, भावानं दिली आणि आपण नाही दिली तर गावात कोतेपणा दिसेल, म्हणून दिली. आमची सगळी औदार्यं अशीच चालतात.

म्हाताऱ्याच्या कामाला लातूरहून एक नट येणार होता, तो आला नाही. पुतण्यानं दारातल्या पेटीवर बसलेल्या आबांकडं बघितलं आणि विचारलं, "आबा, मराल का?" आबा म्हणाले, "कवा?" "उद्या सकाळी." "बरं," आबा म्हणाले. मग पुतण्या आम्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "हा अधिक महिना आबा माझे. माझ्यासोबत राहतील, युनिटमध्येच जेवतील." तंटाच संपला. समोरच्या मोकळ्या जागेत मांडव होता, तिथं आचारी मोठ्या पातेल्यात भात-आमटी करायचा. आबा त्या पोरापोरींच्या पंगतीत बसून जेवायचे. पहिल्या दिवशी जेवून आले आणि मला म्हणाले, "लई दिसांनी माणसात जेवलो." ते मला टोचलं.

आबा प्रेत म्हणून फार चांगले होते. तोंडाला पांढुरकी पावडर, नाकात कापूस, अंगावर पांढरं कापड. हलायचे नाहीत. एकदाच घोळ झाला. गावातले एक म्हातारे रस्त्यानं चालले होते, त्यांनी तिरडी बघून चपला काढल्या आणि हात जोडून "राम राम" म्हटलं. आबांनी डोळे मिटल्या मिटल्या उत्तर दिलं, "राम राम." ते बिचारे एका चपलेनिशीच परत फिरले. तो शॉट वाया गेला. पुतण्या कपाळाला हात लावून बसला, पण बाकी सगळ्यांना हसू आवरेना. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी हसण्याचा आवाज आला, ते मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

मग लेकीच्या रडण्याचं काम आलं. त्यासाठी पुण्याची एक मुलगी होती, दिसायला छान, वागायलाही छान, मला काकू काकू करायची. ती बापाच्या छातीशी बसली, तोंडावर हात ठेवला आणि मुसमुसत राहिली. डोळ्यातून खरं पाणी काढलं तिनं. पुतण्या खूश होता. पण आबांनी डोळे उघडले आणि नाकातला कापूस काढून म्हणाले, "ह्या पोरीला रडता येत न्हाय."

"आबा, चांगलं रडतेय की ती."

"हे डोळं पुसणं झालं. आमच्याकडं मयतीला असं रडत्यात व्हय? बाई रडली की वेशीपतुर ऐकू गेलं पायजे, अन् काय झालं ते समद्यांला कळलं पायजे."

ते खरं होतं. आमच्याकडं बायका मयतीला शब्दांनी रडतात, हेल काढून. मेलेल्या माणसाला नावानं हाक मारून, त्यानं काय केलं, काय राहिलं, कुणी छळलं, कुणी सांभाळलं, सगळं रडण्यात सांगतात. एरवी जी गोष्ट कुणापुढं काढता येत नाही, ती त्या वेळी भर लोकांत म्हणता येते आणि त्याबद्दल नंतर कुणी भांडत नाही. ज्याच्यावर बोट ठेवलं तो मान खाली घालून ऐकून घेतो. पुण्याच्या मुलीला हे शिकवायचं तरी कसं?

"मग काय करू?" पुतण्यानं विचारलं.

"मी मरायला तयार हाय," आबा म्हणाले. "पण रडायला माझी लेक पायजे. तिला आण. तवर मी काय आडवा व्हत न्हाय." आणि ते तिरडीवर उठून बसले आणि तंबाखू मळायला लागले.

मला त्या क्षणी कळलं की म्हातारा त्या पहिल्या "बरं"पासून याचीच वाट बघत होता. किंवा नसेलही. पुढं मी त्यांना कधी विचारलं नाही.

पुतण्यानं आत्याला फोन लावला. नणंदबाईंनी आधी विचारलं, "न्यायला कोण यायलंय?" पुतण्या म्हणाला, "मी." त्या म्हणाल्या, "तू भाचा हायस, भाऊ न्हायस." मग म्हणाल्या, "कामाला बोलावलास तर कामाला येते. पावनी म्हणून येत न्हाय." दुसऱ्या दिवशी पुतण्या युनिटची गाडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला. त्या रस्त्यावरच उतरल्या. पदर डोक्यावर, हातात पाण्याची बाटली, स्वतःच्या घरून भरून आणलेली. आमच्या उंबऱ्याकडं बघितलं नाही, जाऊबाईंच्या उंबऱ्याकडंही नाही. मी तांब्या घेऊन उभी होते, तो तसाच राहिला. आमचे हे गोठ्याकडं काहीतरी शोधत होते. भाऊजी ट्रॅक्टरचं बॉनेट उघडून उभे होते. ट्रॅक्टरला काहीही झालेलं नव्हतं.

तिरडी भिंतीच्या टोकाशी, दोन्ही दारांच्या मध्ये ठेवली होती. पुतण्यानं आत्याला सांगितलं, "तुला जसं रडायचं तसं रड. मी थांबवणार नाही." गल्लीतल्या बायका कडेनं बसवल्या होत्या. भावांच्या जागी पुण्याचे दोन नट उभे होते आणि खरे भाऊ कॅमेऱ्याच्या मागं, एकमेकांपासून लांब.

नणंदबाई आबांच्या पायाशी बसल्या. मग पायाला हात लावला आणि हेल काढला.

"आबा वोऽऽ, माझ्या आबा, मला कुणाच्या पदरात टाकून गेलाव वोऽऽ. दोन भाऊ दिलाव मला, आबा वो, दोघातला एक बी मुराळी न्हाय दिलाव. पंचमीच्या दिशी पिशवी भरून म्या वट्यावर बसले, आबा वो, जाऊच्या सुना हसायल्या, म्हनल्या, आत्याबाई, तुमची एसटी कवा येती. दिस मावळला, पिशवी आत नेली. भिंत घातली आबा वो, दोनी अंगानं चुना लावला, बहीण कुण्या अंगाला बसवायची ते न्हाय ठरलं. थोरल्या वैनीनं फोनवर नागाचं चित्तर धाडलं, आबा वो, चित्तराच्या नागाला म्या दूध कसं पाजू..."

मला राग आला. खरं सांगते, आधी रागच आला. चित्र पाठवलं हा काय गुन्हा आहे? ते मी मनापासून निवडलं होतं, त्यावर गुलाबाची फुलंही होती. पण माझी मान वर होईना. शेजारी बघितलं तर जाऊबाईही पदराशी चाळा करत खाली बघत होत्या, कारण रडण्यात त्यांचंही येऊन गेलं होतं, लेकीच्या साखरपुड्याला आत्याला बोलावलं नव्हतं ते. गल्लीतल्या बायका आता काम म्हणून रडत नव्हत्या. पुण्याची मुलगी माझ्या मागं उभी राहून ढसाढसा रडत होती.

नणंदबाई रडत होत्या आणि कॅमेरा आबांच्या तोंडावर होता. मिटलेल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं आणि पांढऱ्या पावडरीतून कानाकडं गेलं. हललं मात्र काहीच नाही. पुतण्यानं बऱ्याच उशिरा, हळूच म्हटलं, "कट."

कॅमेऱ्यावरचा मुलगा म्हणाला की सगळं अप्रतिम झालंय, पण प्रेत रडलं, त्यामुळं परत एकदा घ्यावं लागेल. नणंदबाईंनी तोंड पुसलं. "आता न्हाय," त्या म्हणाल्या. "माझं रडून झालं. उद्या आबा खरंच गेलं तरी म्या रडणार न्हाय. समदं सांगून झालंय." पुतण्यानं तोच शॉट ठेवला. मंगल कार्यालयात लोक दीड तास हसले, तेवढ्या वेळी मात्र कुणी हसलं नाही.

मग त्या उठल्या, दारातल्या पत्र्याच्या पेटीकडं बघितलं आणि मला विचारलं, "ही आबांची ना?" मी मान हलवली. "ह्यो महिना कुणाचाच न्हाय म्हनं. मग माजा." आणि पेटी उचलून गाडीकडं निघाल्या. आमचे हे तेव्हा पुढं झाले. बहिणीशी ते अडीच वर्षांत पहिल्यांदा बोलले, आणि काय बोलले तर, "अक्का, लोक काय म्हणतील? बाप लेकीच्या घरी जेवतो व्हय?" भाऊजी ट्रॅक्टरपासून म्हणाले, "आबा जाणार न्हाईत." पहिल्यांदाच दोघं भाऊ एका बाजूला होते.

सगळे आबांकडं बघायला लागले. आबा तिरडीवर पाय सोडून बसले होते. त्यांनी नाकातला कापूस काढला, तो खिशात ठेवला आणि काठी मागितली. "म्या आज मेलोय न्हवं?" ते म्हणाले. "मेलेल्या माणसाला कसली आलीय रीत?" आणि तोंडावरची पावडर तशीच घेऊन गाडीत जाऊन बसले.

गावात पुष्कळ बोलणं झालं. सिनेमात बाप मेला आणि लेक घेऊन गेली, असं पारावर एकमेकांना सांगून लोक हसायचे. सिनेमा बनायच्या आधीच लोकांना तो पाहायला मिळाला होता. आम्ही मात्र त्या महिन्यात घरात आवाज न करता वावरत होतो. पाऊस ओढ देऊन बसला होता, सोयाबीन दुपारी माना टाकायचं, आणि दोन्ही घरांत कुणाला काही सुचत नव्हतं. सकाळी आबांच्या चहासाठी मी दोनदा चुकून जास्तीचं पाणी ठेवलं.

अधिक संपला, खरा श्रावण लागला. आता पाळी भाऊजींची, आणि दोन-चार दिवसांवर पंचमी. नणंदबाईंचा निरोप आला, "यायचं तर दोघं मिळून या. एकटा आला तर दारातनं परत धाडीन." त्या दिवशी दुपारी जाऊबाई आमच्या दारात आल्या. रस्त्यावरून वळसा घालून आल्या होत्या, आणि उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. म्हणाल्या, "ताई, जीप सांगितलीय उद्याला. तुमी दोघं बी चला." मी आत या म्हटलं. त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

जीपमध्ये एक भाऊ ड्रायव्हरशेजारी आणि एक मागं बसला. तुळजापूर मागं टाकेपर्यंत दोघंही ड्रायव्हरशीच बोलत होते. हे पावसाबद्दल बोलायचे, भाऊजी सोयाबीनबद्दल, आणि ड्रायव्हर दोघांनाही "व्हय व्हय" म्हणायचा. जाऊबाईंनी आणि मी एकमेकींकडं बघितलं आणि दोघींनी एकदमच तोंड फिरवलं, कारण हसू आलं होतं.

आबा अणदूरला लिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसून दावं वळत होते. दाढी केलेली होती. अंग भरलं होतं थोडं, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. आम्हाला बघून म्हणाले, "आलाव? या." नणंदबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली, पाहुण्यांना देतात तसं सगळं दिलं.

भाऊजी म्हणाले, "आबा, पेटी भरा. पाळी माझी हाय."

आबांचे हात दाव्यावर थांबले. "मुराळी म्हणून आलाव, का पाळीचं न्यायला आलाव?"

भाऊजी आपल्या पायांकडं बघत होते. आमचे हे घसा साफ करत राहिले, आणि मला वाटलं, हा माणूस आता बोलत नाही. पण ते उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि म्हणाले, "अक्का, पंचमीला चल. न्यायला आलोय." त्यांच्या मागोमाग भाऊजीही उठून दाराशी जाऊन उभे राहिले. नणंदबाईंनी परातीतलं पीठ तसंच ठेवलं आणि दोघांकडं बघितलं. "भाकरी खावा आदी," त्या म्हणाल्या. "मग निघू." आबांनी ते ऐकलं. तोंड फिरवून त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि परत दावं वळायला घेतलं. त्यांना हवं होतं ते झालं होतं.

आम्ही जेवलो. भाकरी, आमटी, शेंगाची चटणी, वांगं. आबा आमच्या पंगतीला बसले, लेकीच्या हातची भाकरी आमटीत कुस्करून सावकाश खात राहिले. नणंदबाई लुगडं बदलून, पिशवी घेऊन आल्या. मी आबांची पेटी शोधायला लागले. ती कोपऱ्यात होती, उघडी, रिकामी. कपडे खुंटीला होते.

"आबा, तुमची कापडं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "अक्काला न्या. दोन दिस झोका खेळू दे, बांगड्या भरू दे. मी हितंच हाय."

"आणि मग?"

"मग काय? ती येईल परत."

भाऊजी म्हणाले, "आबा, लोक शेण घालतील तोंडात." हे म्हणाले, "आबा, दोघं आलोय आमी. आता काय राहिलं?" आबांनी दोघांच्याही पाठीवरून हात फिरवला, आधी धाकट्याच्या, मग थोरल्याच्या, आणि म्हणाले, "बरं केलाव आलाव ते." बाकीचे जीपमध्ये बसायला लागले.

मी मागं थांबले. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, तुमचं मी काय कमी केलं ते सांगा. वेळेवर जेवण नव्हतं? कापडं नव्हती? एक दिवस तरी माझ्याकडून चुकला का?"

"न्हाय," आबा म्हणाले. "एक बी दिवस चुकला न्हाय, सूनबाई. तू लई नीट केलीस. खोटं कशाला बोलू?" त्यांनी दाव्याला पीळ दिला. "पण रोज सकाळी तू कॅलेंडर बगायचीस, अन् मी तुज्याकडं बगायचो. हितं आज कंची तिथी हाय, ते मला ठाऊक न्हाय. कुणाला इचारलंबी न्हाय म्या."

मी त्यांच्या पाया पडले आणि जीपमध्ये जाऊन बसले. नणंदबाई माहेरी निघाल्याच्या आनंदात काहीतरी विचारत होत्या, झोका कुठल्या झाडाला बांधलाय म्हणून. मी पदर तोंडाला लावला आणि रडले, त्या पुण्याच्या मुलीसारखी, आवाज न करता. हेल काढायला मला कुठलं तोंड होतं?